शेजारच्या खाचरात काय झालं?

भातकापणी सुरू झाली की कर्जत-खालापूरकडच्या डॉक्टरला कॅलेंडर बघावं लागत नाही. दवाखान्याच्या बाकावर पायाला किंवा बोटाला फडकं गच्च आवळलेला माणूस येऊन बसतो. भारे उचलताना, उडवी रचताना, नाहीतर पेंढ्यात हात घालताना त्याला विंचू डसलेला असतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"किती वाजता चावला, दादा?"

"उडवी रचत व्हतो तवा."

"म्हणजे साधारण किती वाजता?"

मग सोबत आलेली माणसं एकमेकांकडे बघतात. कोणी म्हणतं, ऊन कललं होतं. कोणी म्हणतं, गुरं अजून यायची होती. म्हातारी मात्र ठामपणे सांगते, "पुण्याची गाडी गेली ना, त्याच टायमाला." कर्जतवरून पुण्याकडे दिवसभरात गाड्या किती जातात, हे तिला सांगण्यात अर्थ नसतो.

मला ती वेळ दोन कारणांसाठी हवी असते. पहिलं कारण उपचाराचं. विंचवाचं विष अंगात भिनतं ते एका क्रमाने, आणि रुग्ण त्या क्रमात कुठे आहे हे दंशाच्या वेळेवरून कळतं. दुसरं कारण या प्रकरणाचा विषय आहे. एखादं औषध खरंच लागू पडतं की नाही, हे माणसाला कळतं कसं? नवं औषध आलं, नवी लस आली, की वर्तमानपत्रात मथळे येतात, औषध कंपनीचे प्रतिनिधी गुळगुळीत कागदांची चोपडी टेबलावर ठेवून जातात, आणि घरोघरी मोबाइलवर छातीठोक सल्ले फिरू लागतात. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे मला मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा विंचवाने जास्त नीट शिकवलं.

मांत्रिकाचं यश, डॉक्टरचं यश

आमच्या भागात विंचू उतरवणारी माणसं होती, आजही काही वाड्यांवर आहेत. कोणी अंगारा लावतो, कोणी मुळी उगाळतो, कोणी कडुलिंबाच्या डहाळीने पायावरून उतरवत आणतो. त्यांच्याकडे गेलेली बहुतेक माणसं सकाळपर्यंत बरी होतात. हे खोटं नाही, मी स्वतः पाहिलं आहे.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मीही विंचू चावलेल्याला ॲलर्जीचं एक आणि स्टेरॉइडचं एक अशी दोन इंजेक्शनं देत असे. माझ्याकडची बहुतेक माणसंही सकाळपर्यंत बरी होत. माझी फी अंगाऱ्यापेक्षा जास्त होती, सुई चकचकीत होती. पण पुरावा म्हणून पाहिलं तर माझ्यात आणि त्या मांत्रिकात काही फरक नव्हता.

याचं कारण विंचवातच आहे. आपल्याकडची मोठी काळी इंगळी चावली तर माणूस कळवळतो, पण सहसा दगावत नाही. लाल विंचू आकाराने लहान, घात मात्र मोठा करतो. तरी त्याचाही प्रत्येक दंश जिवावर बेतत नाही. बऱ्याच जणांना ठणका लागतो आणि काही तासांत ओसरतो. म्हणजे काहीही केलं तरी बरी होणारीच माणसं आमच्या दोघांच्या खात्यावर जमा होत होती. जे थोडे खरोखर गंभीर होत, त्यांच्यापुढे अंगारा हरायचा आणि माझी इंजेक्शनंही हरायची. त्या वेळी तो म्हणायचा, "उशिरा आणलं." मीही तेच म्हणायचो.

'मी औषध दिलं आणि रुग्ण बरा झाला' या वाक्यात एक जागा रिकामी असते. औषध दिलं नसतं तर काय झालं असतं? ही जागा भरल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

भाताच्या वाणाचा धडा

ही रिकामी जागा कशी भरायची, हे कर्जतच्या शेतकऱ्याला माहीत आहे. कर्जतला प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. 'कर्जत' नाव लावलेले भाताचे वाण तिथलेच. तिथल्या खाचरांत नवा वाण एकटा लावून बघत नाहीत. शेजारी नेहमीचा वाण लावतात, दोघांना खत सारखं, पाणी सारखं, लावणीही एकाच वेळी. एवढ्यावरही भागत नाही. एका कोपऱ्यात नवा आणि दुसऱ्या कोपऱ्यात जुना असं लावलं तर शंका उरते, कारण नदीकडची जमीन गाळाची आणि वरची वरकस. म्हणून शेताचे तुकडे पाडतात, कोणत्या तुकड्यात कोणता वाण हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात, आणि तोच खेळ पुन्हा पुन्हा करतात. शेवटी पीक तोलतात.

ही रीत पक्की केली ती रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती केंद्रात तो १९१९ साली रुजू झाला. जमिनीचा कस सगळीकडे सारखा नसतो, या शेतकऱ्याच्या जुन्या दुखण्यावर त्याने चिठ्ठीचा उपाय काढला. चिठ्ठीला पक्षपात करता येत नाही. ती चांगली जमीन लाडक्या वाणाला देत नाही.

पुढे ही शेतातली रीत रुग्णालयात आली. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. युद्धानंतरचे दिवस, औषध तुटपुंजं, सगळ्यांना पुरणार नव्हतंच. तेव्हा संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सुचवल्याप्रमाणे कोणाला औषध द्यायचं हे बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनी ठरलं. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध आणि विश्रांती मिळाली, ५२ जणांना तेव्हाची रूढ विश्रांती. सहा महिन्यांत औषध घेतलेल्यांपैकी ४ जण दगावले, शेजारच्या गटातले १४. आता रिकामी जागा भरली होती.

आपल्याकडे याच्याही अर्धशतक आधी एकाने या विचाराजवळ जाणारं काम केलं होतं. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग फुटला. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या प्रयोगशाळेत त्याने लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिली टोचणी स्वतःला करून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी जे आपणहून पुढे आले त्यांना लस दिली. निकाल चांगला आला. पण आपणहून पुढे येणारा माणूस मागे राहणाऱ्यापेक्षा धडधाकट असेल, ही शंका राहतेच. नदीकडचं खाचर आणि वरकस जमीन, तसंच.

१८९८ साली बडोद्याजवळच्या उंढेरा गावात मात्र घराघरातली माणसं ओळीने उभी केली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्यांना लस टोचली. म्हणजे चूल तीच, घरातले उंदीरही तेच, फरक फक्त लशीचा. टोचलेल्या ७१ जणांत ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांत २७ जणांना झाला आणि २६ दगावले. शेजारचं खाचर म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत दिसतं. आजचा डॉक्टर असा प्रयोग करणार नाही, कारण त्या माणसांना कोणी नीट विचारलं असेल असं वाटत नाही. त्या मुद्द्याकडे पुढे येतोच.

बिरवाडीच्या नोंदी

आता पुन्हा विंचवाकडे. कर्जतहून निघून रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला गेलं की महाड तालुका लागतो. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण डॉक्टर रुजू झाला. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा, गरिबीतून शिकलेला. नाव हिंमतराव बावस्कर.

तेव्हाच्या पुस्तकांत विंचूदंशाला दोन-चार ओळींची जागा होती. कोकणात मात्र धडधाकट माणसं आणि लहान मुलं विंचू चावून काही तासांत मरत होती. विंचू चावल्यावर फुफ्फुसात पाणी होतं, हे डॉ. मुंडले यांनी १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कळवलं होतं. का होतं आणि काय करायचं, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

बावस्करांनी जे केलं त्याला यंत्र लागलं नाही. ते रुग्णाच्या उशाशी बसले आणि लिहीत गेले. किती वाजता दंश झाला, उलटी किती वाजता, घाम केव्हा फुटला, हातपाय गार केव्हा पडले, रक्तदाब किती, नाडी किती. अशा कितीतरी रुग्णांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर क्रम दिसू लागला. आधी उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटलेली लाळ. पुरुषांत आणि मुलग्यांत लिंगाला ताठरता, जी गोष्ट लाजेपोटी कोणी सांगत नसे आणि डॉक्टर विचारत नसत. मग हातपाय बर्फासारखे गार आणि रक्तदाब चढलेला. त्यानंतर हृदय थकायचं, छातीत घरघर, तोंडाला फेस. ही निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली.

क्रम कळला तसं कारणही उलगडलं. विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं. त्यामुळे घाबरल्यावर किंवा पळताना शरीरात जी रसायनं थोडी स्रवतात ती एकदम लोंढ्याने सुटतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि हृदय म्हणजे बंद नळावर चालू ठेवलेला पंप होऊन बसतं. पाणी मागे तुंबतं ते फुफ्फुसात.

मग उपाय काय? आवळलेल्या वाहिन्या सैल करायच्या. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचं औषध वापरलं. ते देताना रुग्णापासून क्षणभर हलता येत नाही, खेड्यात ते कसं परवडणार? मग त्यांची नजर प्राझोसिनवर गेली. रक्तदाबासाठी तेव्हा वापरात असलेली ही साधी गोळी, विषामुळे सुटलेली रसायनं रक्तवाहिन्यांच्या ज्या कुलपाला हात घालतात, तेच कुलूप बंद करते. १९८६ साली त्यांनी हा अनुभवही 'लॅन्सेट'ला कळवला. त्यांच्याच लेखांतल्या आकड्यांनुसार, पूर्वी गंभीर विंचूदंशात सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

इथे कोणी चौकस वाचक मला अडवेल. "डॉक्टर, शेजारचं खाचर कुठे आहे? ही तर आधीची आणि नंतरची तुलना झाली. मधल्या काळात रस्ते झाले, गाड्या आल्या, माणसं लवकर दवाखान्यात येऊ लागली." शंका रास्त आहे, आणि त्या १ टक्क्याचं थोडं श्रेय डांबराला द्यायला माझी हरकत नाही. पण काही परिणाम इतके ठळक असतात की त्यांना शेजार लागत नाही. नाग चावून श्वास बंद पडत चाललेल्याला प्रतिविष न देता बसून राहा, असं कोणी म्हणणार नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्यांचे दोन गट पाडून एकाला लस नाकारणारा डॉक्टर तुरुंगात जाईल. तीनातला एक मरत होता तिथे शंभरातला एक मरू लागला, आणि तेही कारणमीमांसेशी जुळणाऱ्या औषधाने, तेव्हा ते औषध नाकारून तुलना करायला कोणत्याही डॉक्टरचा हात धजला नसता. खाचर लागतं ते फरक मध्यम असतो आणि नजरेला फसवू शकतो तेव्हा. बहुतेक नवी औषधं याच प्रकारात मोडतात.

स्वतःचं मत तपासणं

बिरवाडीच्या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो.

विंचवाच्या विषावर घोड्याच्या रक्तापासून केलेलं प्रतिविषही उपलब्ध झालं होतं. प्राझोसिन हाताशी असताना त्याची खरंच गरज आहे का, असा प्रश्न बावस्करांनी १९९१ सालच्या एका लेखात जाहीरपणे विचारला होता. दुसरा कोणी असता तर गोळीच्या यशावर निवांत बसला असता. त्यांनी वीस वर्षांनी तोच प्रश्न खाचरात उतरवला.

महाडमध्ये गंभीर लक्षणं सुरू झालेल्या ७० रुग्णांचे चिठ्ठीच्या तत्त्वावर दोन गट केले, प्रत्येकी ३५ जणांचे. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. गोळी दोघांनाही होती, म्हणजे हक्काचा उपचार कोणाचाच हिरावला नाही. दहा तासांनी पाहिलं तर दोन्ही औषधं मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण सावरले होते, नुसती गोळी मिळालेल्यांपैकी ८ जण. सावरायला सरासरी ८ तास विरुद्ध जवळपास १८ तास. हे २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट सरळ नोंदली आहे. प्रकृती अधिक बिघडण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं. म्हणजे प्रतिविषाने माणूस लवकर उठून बसतो, पण नुसत्या गोळीवरचा रुग्ण काही वाऱ्यावर सोडलेला नसतो. प्रतिविष संपलेल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला हे वाक्य केवढा धीर देतं! शिवाय कोणाला काय दिलं हे डॉक्टरला आणि रुग्णाला माहीत होतं, हा या चाचणीचा कच्चा दुवा. तोही तिथे लिहिलेला आहे. चांगला पुरावा स्वतःचे कच्चे दुवे झाकत नाही.

जमीन कोणाची?

मग दुसरा गोंधळ उभा राहतो. १९९९ साली ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये ८२५ जणांची चाचणी छापली. विंचू चावलेल्या अर्ध्यांना प्रतिविष, अर्ध्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन. फरक पडला नाही. महाड म्हणतं उपयोग होतो, ट्युनिशिया म्हणतं होत नाही. खोटं कोण?

कोणीच नाही. तिथला विंचू वेगळा, प्रतिविष वेगळं. शिवाय त्यांनी विंचू चावलेले सरसकट सगळे घेतले, ज्यांतले बरेच आपोआप बरे होणारे होते. महाडने गंभीर लक्षणांचे निवडले. कर्जतच्या खाचरात उत्तम येणारा भात मराठवाड्याच्या रानात लावून पाहा आणि मग वाणाला दोष द्या, तसंच हे.

कोविडच्या काळात हा धडा आपण फार महागात शिकलो. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन हे जुनं, काही रुपयांचं स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत ते न मिळालेले शंभरात ४१ दगावले, मिळालेले २९. ऑक्सिजनवरच्यांत २६ विरुद्ध २३. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात उलटं दिसलं, न मिळालेले १४ आणि मिळालेले १८. तिथे फायदा नव्हताच, नुकसानीची भीती होती. औषध एकच, जमिनी तीन. आपल्याकडे मथळा तेवढा पोचला, 'स्टेरॉइडने जीव वाचतो'. मग २०२१ च्या लाटेत घरी बसलेल्या, नुसता ताप असलेल्या माणसांनाही पहिल्या दिवसापासून ते सुरू झालं. मधुमेह असलेल्यांची साखर भडकली, आणि पाठोपाठ म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती घरांत डोळे आणि जबडे नेले, ते आपण पाहिलं.

प्लाझ्माची कथा याच्या शेजारची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. आजार बळावणं किंवा मृत्यू, हे प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के आणि न मिळालेल्यांत १८. हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला. तरी पुढच्या उन्हाळ्यात माणसं प्लाझ्मा मिळवण्यासाठी रात्रभर फोन करत होती, आणि सरकारी उपचारसूचीतून तो वगळला गेला मे २०२१ मध्ये. उत्तर हाताशी होतं. ऐकायला सवड कोणाला होती?

शेकडा किती, हजारी किती

नव्या लशीचा मथळा बहुधा टक्क्यांत असतो. '५४ टक्के परिणामकारक' असं वाचलं की कोणी म्हणतं, "म्हणजे अर्ध्या मुलांना काहीच उपयोग नाही?" हिशोब जवळून पाहू.

रोटाव्हायरसच्या जुलाबावरच्या भारतीय लशीची, रोटावॅकची, चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्यात झाली. पुण्याचं काम केईएम रुग्णालयाच्या वढू येथील संशोधन केंद्राकडे होतं. तिन्ही ठिकाणची मिळून ६,७९९ बाळं. ४,५३२ बाळांना लस, २,२६७ बाळांना लशीसारखंच दिसणारं द्रव. लस मिळालेल्यांत या विषाणूच्या तीव्र जुलाबाच्या ७१ घटना झाल्या, न मिळालेल्यांत ७६. आकडे जवळजवळ सारखे वाटतात ना? पण लशीचा गट दुप्पट मोठा होता. हजारी हिशोब केला तर न घेतलेल्यांत सुमारे ३४, घेतलेल्यांत सुमारे १६. सलाइन लावायची वेळ यावी असे जुलाब हजार बाळांमागे अठरा वेळा टळले. निम्म्या मुलांना उपयोग नाही, असा याचा अर्थ होत नाही. प्रत्येक बाळाचा धोका साधारण निम्मा झाला. ज्या वाडीतून पावसाळ्यात गाडीरस्त्यापर्यंत बाळाला झोळीतून आणावं लागतं, तिथे अठरा हा फार मोठा आकडा आहे.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. औषधाचा प्रतिनिधी 'धोका निम्म्याने कमी' म्हणतो, तेव्हा मी विचारतो, "किती होता तो?" हजारातले दोन होते ते एक झाले, तरी निम्मेच. त्या एकासाठी ९९९ जणांनी रोज महागडी गोळी घ्यायची का, हा वेगळा प्रश्न, आणि तो रुग्णाच्या खिशाकडे बघून सोडवायचा असतो.

हंगामानंतर

चाचणीत काही हजार माणसं असतात. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा त्रास तिथे दिसेलच असं नाही. रोटाव्हायरसवरचीच एक आधीची लस, रोटाशील, अमेरिकेत १९९८ साली बाजारात आली. काही बाळांच्या आतड्यात आतडं अडकत असल्याचं लक्षात आलं आणि १९९९ साली ती मागे घेतली गेली. म्हणून पुढच्या रोटाव्हायरस लशींवर या बाबतीत डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं गेलं.

लक्ष ठेवण्याचं हे काम तुमच्या-आमच्या तक्रारींवर चालतं. औषधाचा विपरीत परिणाम झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी निःशुल्क क्रमांकावर कोणालाही कळवता येतं, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. लशीनंतर त्रास झाला तर आशाताईंना सांगा. कुरकुर म्हणून नव्हे, नोंद म्हणून.

आणि आधी म्हटलेला संमतीचा मुद्दा. उंढेऱ्याच्या माणसांना कोणी विचारलं नसेल, आज विचारावंच लागतं. जून २००९ पासून भारतात प्रत्येक औषध-चाचणीची सार्वजनिक नोंद सक्तीची आहे, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही उघडता येते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं चाचणी घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबत नाही. कातकरी किंवा ठाकूरवाडीतल्या बाईपुढे चार पानी मराठी कागद ठेवून अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. तिच्या बोलीत, तिच्या माणसांसमोर, तिला नाही म्हणता येईल अशा रीतीने विचारलं तरच ती संमती.

तीन प्रश्न आणि एक विनंती

नवं औषध कोणी सुचवलं तर डॉक्टरला तीन प्रश्न विचारा. कशाच्या तुलनेत बरं? शंभरात किती जणांना फरक पडला? आणि ती माणसं माझ्यासारखी होती का? चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. काही वेळा तो म्हणेल, "ठाऊक नाही, बघून सांगतो." असं म्हणणाऱ्या डॉक्टरचा दवाखाना सोडू नका.

आणि विनंती विंचवाची. विंचू चावला तर करकचून फडकं बांधू नका, चिरा देऊ नका. उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय यांपैकी काहीही दिसलं, आणि लहान मूल असेल तर काही दिसायची वाट न बघता, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. ज्याला विंचू उतरवून घ्यायचा आहे त्याने गाडीत बसल्यावर उतरवावा. निघण्यापूर्वी मोबाइलवर वेळ बघा आणि चावला त्या वेळेचा अंदाज मुलाच्या तळहातावर पेनाने लिहा. बिरवाडीत सगळ्याची सुरुवात त्या एका आकड्यापासून झाली होती.